गोल भट्टीची आग

त्या वर्षी विटा वाळायच्या दिवसांत ऊन पडलंच नाही. आभाळ नुसतं भरून राहायचं, बरसायचंही नाही आणि उघडायचंही नाही. साच्यातून काढलेल्या कच्च्या विटा मैदानभर मांडून ठेवलेल्या होत्या आणि बोटानं दाबलं की त्यांची कड अजून आत जात होती. मग एका दुपारी जे कोसळायला लागलं ते थांबेना. आम्ही बायका ताडपत्र्या घेऊन धावलो, पण ताडपत्र्या किती आणि विटा किती. बघता बघता रांगाच्या रांगा खाली बसल्या, वितळल्या, एकमेकींत मिसळल्या. माझ्या जोडीनं डोक्यावर विटा वाहणारी एक बाई होती, तिच्या तोंडामुळे सगळे तिला तोफ म्हणत. ती त्या चिखलात फतकल मारून बसली आणि म्हणाली, "घ्या बायांनो. आली तिथं परत गेली. आता नव्यानं मळा."

आम्ही हसलो. भिजत, थरथरत हसलो. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की गेल्या त्या फक्त विटा.

आमच्या गावाला शेती अशी फारशी नव्हती. नदीकाठची चिकण माती होती आणि तिच्यावर हा वीटकारखाना. माझे सासरे तिथे आगवाले होते, आमचे हे भट्टीत विटा रचायचे आणि मी वाहायचे. सासूबाईही गुडघे जाईपर्यंत वाहत होत्या. घरातलं एकही माणूस असं नव्हतं की ज्याच्या नखात ती लाल भुकटी नाही.

भट्टी गोल होती. लांबट कड्यासारखी, वर जाडजूड कमान. कमानीच्या पोटात पुढून कच्च्या विटा रचत जायचं, मागून भाजलेल्या काढत जायचं आणि मधे आग. ती आग एका जागी कधी थांबली नाही. विटांच्या मागं मागं चालत पूर्ण फेरा घ्यायची, पहिल्या दाराशी यायची आणि पुन्हा निघायची. मामंजींच्या वडिलांनी ती पेटवताना हात लावला होता, तेव्हापासून ती चालत होती. गावात म्हातारी माणसं मेली, पूर येऊन गेले, मालक बदलले, पण आग तीच.

मामंजींचं काम भट्टीच्या पाठीवर. तिथे ओळीनं छोटी छोटी भोकं होती आणि त्यांच्यावर लोखंडी झाकणं. आकड्यानं झाकण उचलायचं, आतला रंग बघायचा, पळीभर कोळशाची चुरी सोडायची, झाकण लावायचं, पुढच्या भोकाकडे जायचं. पायात लाकडी तळव्याच्या चपला, नाहीतर पाय भाजायचे. दिवसा ते आणि रात्री दुसरा एक आगवाला असायचा, पण रात्रीही मामंजी दोनदा तरी जाऊन बघून यायचेच. सासूबाई म्हणायच्या, "लग्न होऊन आले तेव्हाच कळलं, सवत आधीपासून घरात आहे. तीही माझ्याहून तापट."

मामंजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मिशीतल्या मिशीत हसायचे.

पाऊस थांबल्यावर मालक आला. गाडीतून उतरला, पण चिखलामुळे रस्त्यावरच उभा राहिला. तिथूनच बोलला. कच्चा माल गेला, मागणी आधीच कमी, नव्यानं सुरू करायला पैसा नाही. काम बंद. पुढचं पुढे बघू. मुकादमानं प्रत्येकाच्या हातात कामावरून कमी केल्याची चिठ्ठी दिली. ती दाखवली की बाजारगावच्या ऑफिसात बेकारी भत्ता मिळतो, असं तोच म्हणाला. रात्रीच्या आगवाल्यालाही चिठ्ठी मिळाली. मामंजी तेवढे भट्टीच्या पाठीवर होते. मालकानं मान वर करून हाक मारली, "आगवाले, तुम्ही आगीकडे लक्ष ठेवा. मी येतो."

एवढं बोलला आणि गेला.

आमच्या घरात त्या संध्याकाळी, खरं सांगायचं तर, आनंद होता. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना काढलं, पण ह्यांना नाही काढलं हो." मामंजी जेवता जेवता म्हणाले, "मला कसा काढेल? आग असेल तर उद्या कारखाना आहे. आग गेली तर ती नव्यानं पेटवायला लाकडाचं जंगल लागेल, आणि गार पडलेली कमान तडकेल ती वेगळीच. मग त्याला परवडणारच नाही. तो येणार म्हणाला म्हणजे येणार."

त्यांचा पगार त्या महिन्यात आला नाही. पुढच्याही महिन्यात आला नाही. मालकही आला नाही.

मामंजी मात्र रोज गेले. आगीला पुढं जायला कच्च्या विटा नव्हत्या, म्हणून त्यांनी तिला एका खणात थोपवून धरलं. हवेच्या झडपा जवळजवळ बंद केल्या आणि चमच्याचमच्यानं चुरी घालत राहिले. "आजाऱ्याला पेजपाणी देतात तसं चाललंय," असं मुकादम म्हणाला. धुराड्यातून पूर्वीसारखा धूर निघत नसे, पण एक बारीक रेघ दिवसभर असायची. लांबून येणाऱ्याला ती दिसायची.

आम्ही सगळे चिठ्ठ्या घेऊन बाजारगावच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर एक बाई होती. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बोटांना शाई. तिनं कुणाला हडतहुडत केलं नाही. सगळ्यांचं लिहून घेतलं आणि म्हणाली, "कारखान्याची पाहणी होईल, मग भत्ता सुरू होईल. पाहणीवाले साहेब येतील."

साहेब मोटरसायकलवरून आले. चिखल होता म्हणून तेही रस्त्यावरच थांबले. वर बघितलं, धूर दिसला, लिहून घेतलं आणि गेले. आमच्या सगळ्यांचे अर्ज परत आले. वर एकच शेरा : कारखाना चालू.

मुकादम तणतणत ऑफिसात गेला. मी आणि आमचे हे बरोबर होतो, म्हणून ते बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं.

"बाई, तो धूर आमचा नाही."

"मग कुणाचा?"

"आगवाल्याचा."

"आगवाला कुणाचा?"

"कारखान्याचा."

"मग कारखाना चालू आहे ना," बाई म्हणाली. चिडून नाही, थकून. "मुकादम, मला समजतंय हो. पण भट्टी पेटलेली आहे, एक माणूस कामावर आहे, आणि बाकीचे घरी बसलेत. ह्याला आमच्या पुस्तकात बेकारी म्हणत नाहीत, संप म्हणतात."

"संप? पोटाला नाही आणि संप?"

"आग विझली की या. साहेब हात लावून बघतील. त्याच दिवशी सगळ्यांचं सुरू करते."

परतीच्या बसमध्ये मुकादम आमच्या शेजारी बसला नाही. पुढं जाऊन उभा राहिला. बस अर्धी रिकामी होती.

त्या दिवसापासून गावाची नजर बदलली. नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबत. कुणी माझी घागर बाजूला सरकवली नाही, शिवी दिली नाही. फक्त माझा नंबर यायचा आणि मधेच कुणाला तरी घाई असायची. दुकानदार सगळ्यांना थोडंथोडं उधार देत होता. मला म्हणाला, "तुमच्या घरात तर एक नोकरी आहे."

तोफेनं एकदाच टोला हाणला. "तुमचं बरंय बाई. निदान शेकायला तरी आहे."

मी घरी येऊन भांडी आपटली. सासूबाईंनी विचारलं नाही. त्यांनाही रस्त्यात काहीतरी ऐकायला मिळालंच असणार.

कोळशाच्या चुरीचा ढीग कारखान्याच्या आवारात उघड्यावर असायचा. तो रोज सकाळी थोडा कमी दिसायला लागला. लोक घरच्या चुलीला नेत होते. मामंजींना ते कळत होतं. एकदा मी त्यांचं जेवण घेऊन गेले, तर ते राखेच्या ढिगाऱ्यावर उकिडवे बसून चाळणीनं राख चाळत होते. राखेतून अर्धवट जळलेले कोळशाचे खडे बाजूला काढत होते. भुवया पांढऱ्या झालेल्या, नाकाखाली राखेची रेघ.

"ढीग कमी होतोय, मामंजी," मी म्हटलं.

"होऊ दे. त्यांनाही चूल आहे."

"कुणाला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी एक खडा उचलून उजेडात धरला, फुंकला आणि टोपलीत टाकला. "ह्यात अजून जीव आहे बघ."

घरात मात्र बोलणं झालंच. आमचे हे मुळात कमी बोलणारे. आयुष्य कमानीखाली वाकून गेलेलं, पाठ अशी झालेली की उभे राहिले तरी कशाला तरी वाकल्यासारखे दिसायचे. त्या संध्याकाळी ते ताटावर बसले आणि ताट पुढं ढकलून म्हणाले, "बाबा, मालक येणार नाही."

"कशावरून?"

"त्याच्या घराला कुलूप आहे. मी जाऊन आलो."

मामंजी पाणी प्यायले. "कुलूप उघडतं पण."

"आणि तोवर? गावातल्या सगळ्यांचा भत्ता तुमच्या त्या आगीपायी अडलाय. माझा, हिचा. तुम्हाला पगार नाही, आम्हाला भत्ता नाही. कुणासाठी जाळताय तुम्ही?"

"मी जाळत नाही. राखतोय."

"काय फरक आहे?"

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. पोरगा परका निघाल्यावर बाप बघतो तसे. मग म्हणाले, "तू रचणारा आहेस. वीट रचली की तुझं काम झालं. माझं तसं नाही." आणि हात धुऊन, लाकडी चपला घालून बाहेर पडले.

सासूबाई ताटं उचलत म्हणाल्या, "गेले सवतीकडं." पण त्या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनी मामंजींचं उरलेलं जेवण झाकून ठेवलं नाही. तशाच उभ्या राहून तिथंच दोन घासांत संपवलं. तेव्हा मला कळलं की त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

असे आणखी काही दिवस गेले. थंडी अजून यायची होती, पण संध्याकाळी वारा बोचायला लागला होता. रात्रीचा आगवाला बायकामुलांना घेऊन कुठल्याशा खाणीवर कामाला निघून गेला. जाताना मामंजींना भेटला नाही. दोघं उभी हयात एकमेकांच्या हातात पळी देत आले होते.

मग एका दुपारी तोफ आमच्याकडे आली. मामंजी नुकतेच घरी येऊन ओसरीवर टेकले होते. मी दारात होते. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार, आणि माझी काही उत्तरं मी तयारही केली. पण ती आली, पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून गप्प राहिली. तिला गप्प बसलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

मामंजीच बोलले. "काय गं?"

"मामा, मी भांडायला नाही आले."

"बरं."

"भांडायला पोटात काही लागतं."

त्यांनी विचारलं, "धाकटा चालायला लागला का?"

"लागला होता," तोफ म्हणाली. "आता बसूनच असतो."

सासूबाई आतून आल्या होत्या, त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मामंजी आपल्या हातांकडे बघत होते. त्यांच्या तळहातांवरची कातडी इतकी जाड होती की निखारा उचलला तरी काही वाटायचं नाही. त्यांनी ते हात एकमेकांवर घासले, कोरडा आवाज झाला, आणि ते उठले.

"मुकादमाला म्हणावं, साहेबांना बोलावून घे," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस लागतील. एकदम होत नाही ते."

तोफेनं वर बघितलं. ती पटकन उठली आणि गेली. जाताना तिची चप्पल उलटी पडली होती, ती सरळ न करताच अनवाणी गेली. मी मागाहून चपला नेऊन दिल्या.

बातमी पसरली तसे लोक कारखान्यात जमले. कुणी बादल्या घेऊन आले होते, कुणी पाण्याचा पाइप. मामंजी भट्टीच्या पाठीवर उभे राहिले आणि ओरडले. तितक्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"पाणी नाही! एक थेंब नाही! कमान फुटेल."

"फुटू दे की," कुणीतरी म्हणालं. "आता काय भाजायचंय तिच्यात?"

"फुटली तर परत कधीच पेटायची नाही."

खाली लोक एकमेकांकडे बघायला लागले. काही जण हसले. मुकादमानं त्यांना दटावलं आणि बादल्या बाजूला ठेवायला लावल्या. "म्हातारा करतोय ना आपल्यासाठी? मग त्याच्या पद्धतीनं करू दे."

त्यांच्या पद्धतीला तीन दिवस गेले. आधी त्यांनी चुरी घालायची थांबवली. मग एकेका झडपेची फट ओल्या मातीनं लिंपली. दारांच्या भेगा लिंपल्या. माती मी मळून दिली, ह्यांनी वाहून दिली. मामंजी झाकण उचलून आत बघायचे, लावायचे, परत थोड्या वेळानं बघायचे. पांढरट पिवळा होता तो रंग नारिंगी झाला, मग लाल, मग डाळिंबाच्या सालीसारखा. मला त्यांनी एकदा बोलावून दाखवला. "बघून ठेव," म्हणाले. बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई भट्टीवर आल्या. त्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायच्या म्हणजे दिव्यच होतं. मी खालून आधार दिला, मामंजींनी वरून हात दिला. इतक्या वर्षांत त्या वर कधी आल्या नव्हत्या. बायकांचं काम खाली. त्या धापा टाकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दाखवा."

मामंजींनी आकड्यानं झाकण उचललं. सासूबाईंनी वाकून बघितलं. आत काळोख होता आणि खूप खोल, एका विटेच्या कडेला, कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. आम्ही बघता बघता तो आत ओढला गेला.

"गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"गेली."

त्या खाली बसल्या आणि रडल्या. मला वाटलं होतं मामंजी रडतील आणि त्या समजूत घालतील. झालं उलटं. मामंजींनी झाकण जागेवर लावलं, त्याच्या कडेनं बोट फिरवून नीट बसलंय का बघितलं, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ," म्हणाले. "जमीन अजून गरम आहे. भाजेल."

भट्टी पुरती निवल्यावर साहेब आले. ह्या खेपेला आत आले, पायऱ्या चढून झाकणावर हात ठेवला, मग दुसऱ्या झाकणावर. "गार आहे," म्हणाले आणि लिहिलं. त्यांनी मामंजींना नाव विचारलं आणि तेही लिहिलं : आजवर कामावर असलेला एकमेव कामगार. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मामंजींचं नाव लिहिलं गेलं ह्याचं जरा बरंच वाटलं.

ऑफिसात आम्ही सगळे एकाच दिवशी गेलो. खिडकीवरच्या बाईनं शब्द पाळला. एकेकाला बोलवायची, चिठ्ठी बघायची, सही-अंगठा घ्यायची. भत्त्याची पहिली चिठ्ठी तोफेला मिळाली आणि ती तिथंच उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, तुमचं तोंड गोड होवो. साखर मात्र तुम्हीच आणा." सगळं ऑफिस हसलं. फार दिवसांनी हसलो आम्ही.

शेवटी मामंजी. घरातलं धुतलेलं एकच कुडतं होतं ते घालून आले होते. सासूबाई बाकावर, सुजलेले पाय पुढं करून.

"चिठ्ठी, काका?"

"मला नाही दिली."

"कामावरून काढल्याची चिठ्ठी नाही?"

"मला काढलं नाही. आगीकडे लक्ष ठेवा म्हणाला मालक."

बाईनं साहेबांचा कागद बघितला, परत मामंजींकडे बघितलं. "मग काम थांबवा असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

बाईनं पेन खाली ठेवलं. चष्मा काढून छातीवर सोडला. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, नीट ऐका. ह्या बाकीच्यांना मालकानं काढलं. तुम्हाला काढलं नाही. तुम्ही आपण होऊन काम बंद केलं असेल तर त्याला काम सोडणं म्हणतात. सोडणाऱ्याला भत्ता नाही, मी काहीही केलं तरी नाही. पण आग तुमच्या हातून गेली असेल, कोळसा संपला, ओल शिरली, डोळा लागला, काहीही, तर काम संपलं. मग तुम्ही बेकार, तुमचा हक्क आहे. मी विचारते, तुम्ही सांगा, तेवढंच मी लिहिणार. आग कशी गेली?"

हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात आपापल्या चिठ्ठ्या होत्या.

आमचे हे पुढं झाले. "कोळसा संपला होता, बाबा. सांगा ना."

"हो बाई, संपलाच होता," मुकादम म्हणाला. "मी डोळ्यानं बघितलं. राख चाळत होते बिचारे."

"आणि ओल किती होती त्या दिवसांत," तोफ म्हणाली. "भिंतींना पाणी सुटलेलं. आग काय, माणूस विझेल."

मागून आणखी दोघं-तिघं बोलले. ज्याला जे सुचेल ते. ज्यांनी बादल्या आणल्या होत्या तेही. मामंजी खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"माझ्या बापानं ती माझ्या हातात दिली," ते म्हणाले. "मी जागा होतो बाई. माझ्या हातून नाही गेली ती. मी बंद केली."

"काका, एक ओळ आहे फक्त."

"माझा डोळा कधी लागला नाही."

"कुणाला कळणार आहे?"

बाईनं त्यांच्या खांद्यावरून सासूबाईंकडे बघितलं. "मावशी, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

सासूबाई बाकावरून उठल्या. आम्ही वाट करून दिली. आता ह्या बोलतील आणि सगळं होईल, असं मला वाटलं. घरातला शेवटचा शब्द नेहमी त्यांचाच असायचा. त्या मामंजींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग खिडकीकडे वळल्या.

"लिहा बाई," म्हणाल्या, "ते सांगतायत ते."

बाईनं लिहिलं. फार हळू लिहिलं. वर अर्ज करता येईल म्हणाली, आणि तो आम्ही नंतर केलाही. त्याचं उत्तर आलं नाही.

बाहेर मुकादमानं सगळ्यांना चहा पाजला. मामंजींना त्यानं कप दोन्ही हातांनी दिला. त्यांनी घेतला, प्यायले. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. तोफ तिची चिठ्ठी पदराला बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती.

घर त्यानंतर माझ्या आणि ह्यांच्या भत्त्यावर चाललं. मामंजी पहिल्या वाढीला "पुरे" म्हणायला लागले. आग्रह केला तर म्हणायचे, "काम नाही, भूक कुठून येणार?" मुकादम, तोफ, कुणी ना कुणी दारावरून जाताना काहीबाही देऊन जायचं. चार बटाटे, थोडं मीठ. सासूबाई घ्यायच्या. मामंजी त्या वेळी मागच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. लोकांनी कोळशाचा ढीग संपवला, मग आवारातली लाकडं नेली, मग झाकणं. झाकणं गेली तेव्हा मामंजींना कळलं होतं, पण ते बघायला गेले नाहीत.

आणि मग थंडी आली. त्या वर्षीची थंडी वाईट होती. सकाळी पाण्याला हात लावता येत नव्हता. एकदा मी लवकर उठले तर मामंजी ओसरीवर बसलेले. अंगात तेच पातळ कुडतं. ओठ निळे पडलेले, हात पुढं धरलेले आणि ते हात कापत होते. ते आपल्या कापणाऱ्या हातांकडे असे बघत होते, जसे ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. पोरवयापासून त्यांचा प्रत्येक हिवाळा भट्टीच्या पाठीवर गेला होता. ह्या माणसाला घरात कधी गरम कपडा शिवला नव्हता. लागलाच नव्हता.

माझी चाहूल लागली तसं त्यांनी वर बघितलं. लाजल्यासारखे हसले.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "असं झालं की तुम्ही लोक काय करता?"

मी आत जाऊन माझी शाल आणली. त्यांनी ती घडी केलेलीच मांडीवर ठेवली आणि वरून हात फिरवत राहिले. मग मी ती उलगडली, त्यांच्या खांद्यावरून घेतली, टोकं छातीशी आणली आणि त्यांच्या मुठीत दिली. "अशी धरायची, मामंजी," मी म्हटलं. "घट्ट."